त्वचेच्या लेझर ट्रायलमध्ये भाग घेताना : नाशिककरांसाठी मार्गदर्शक

वांग, कोड, मुरुमांचे खड्डे, जन्मखुणा, भाजल्याचे व्रण, सोरायसिस, नको झालेलं गोंदण. यांतल्या बहुतेकांवर लेझरचे उपचार आहेत आणि त्या उपचारांच्या क्लिनिकल ट्रायल, म्हणजे माणसांवर उपचार तपासून बघणारे अभ्यासही चालू असतात. त्वचारोगतज्ज्ञाने किंवा मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत कुणी "आमच्याकडे अभ्यास चालू आहे, नाव घालायचं का?" असं विचारलं, तर हो म्हणण्याआधी आणि म्हटल्यानंतर काय काय करायचं, ते क्रमाने दिलं आहे.

एक गोष्ट आधीच. पार्लर किंवा कॉस्मेटिक क्लिनिकच्या जाहिरातीतली सवलतीची "ट्रायल सिटिंग" ही नुसती विक्री असते. संशोधनातल्या ट्रायलला लिखित आराखडा असतो, नैतिक समितीची (सहभागींची सुरक्षितता आणि हक्क जपणाऱ्या समितीची) मंजुरी असते, नोंदणी क्रमांक असतो, आणि संशोधनासाठी म्हणून होणाऱ्या तपासण्या किंवा सिटिंगचे पैसे सहभागी माणसाकडून घ्यायचे नसतात. "ट्रायलमध्ये आहात म्हणून निम्म्या पैशांत" असं कुणी म्हणालं, तर तिथूनच परत फिरा.

पायरी १ : आपला त्रास लेझरच्या आवाक्यातला आहे का?

लेझर म्हणजे एकाच तरंगलांबीचा प्रकाश. कोणता प्रकाश त्वचेतला कोणता घटक शोषून घेतो, यावर सगळा उपचार उभा आहे. अँडरसन आणि पॅरिश या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी १९८३ मध्ये हे तत्त्व मांडलं. नेमकी तरंगलांबी आणि पुरेसा छोटा पल्स, म्हणजे प्रकाशाचा क्षणिक झोत, वापरला, तर लक्ष्य तापून फुटतं आणि शेजारची त्वचा वाचते. काळ्या-निळ्या रंगद्रव्यासाठी आणि गोंदणासाठी क्यू-स्विच्ड (अतिशय छोट्या पल्सचं) एनडी-याग (१०६४ नॅनोमीटर), लालसर जन्मखुणांसाठी पल्स्ड डाय (५८५ ते ५९५), खड्ड्यांसाठी आणि व्रणांसाठी फ्रॅक्शनल, म्हणजे बारीक ठिपक्यांत विभागलेलं, सीओटू (कार्बन डायऑक्साइड, १०,६००) किंवा एर्बियम (२९४०), कोड आणि सोरायसिससाठी एक्सायमर (३०८). डॉक्टर नुसतं "लेझर" म्हणाले, तर कोणतं आणि किती नॅनोमीटरचं, हे विचारायला लाजू नका. ट्रायलच्या कागदावर ते असायलाच हवं.

अपेक्षाही इथेच जमिनीवर आणाव्या लागतात. गालावरचा आणि डोळ्याजवळचा निळसर-करडा डाग, ज्याला नीव्हस ऑफ ओटा म्हणतात, तो क्यू-स्विच्ड लेझरने बऱ्यापैकी जातो, मात्र बऱ्याच सिटिंग लागतात. वांग लेझरने फिका होतो आणि ऊन लागलं की परत येतो. कोडात एक्सायमर चेहऱ्यावर आणि मानेवर चांगलं काम करतो, पण बोटांची टोकं आणि ओठ फारशी दाद देत नाहीत. मुरुमांचे खड्डे उथळ होतात, सपाट होत नाहीत.

यात रंगाचा मुद्दा सर्वांत मोठा. फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये त्वचेचे प्रकार मांडले. एक (सर्वांत गोरी) ते सहा (सर्वांत काळी) या वर्गवारीत आपल्याकडचे बहुतेक जण चार-पाचमध्ये येतात. अशा त्वचेत वरच्या थरातच मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, भरपूर असतं. लेझर खालच्या लक्ष्यासाठी सोडलेलं असतं, पण वरचं मेलॅनिन वाटेतच त्यातला वाटा घेतं. परिणाम म्हणजे भाजणं, आणि भाजल्यानंतर उरणारे काळे डाग. १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश मेलॅनिन कमी शोषतं आणि तो खोल जातो, म्हणून आपल्याकडे त्यावर भर. गोऱ्या त्वचेवरच्या परदेशी ट्रायलचे आकडे इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत, आणि इथे ट्रायल घेण्याचं मुख्य कारणही तेच.

पायरी २ : ट्रायल शोधा आणि पडताळा

नाशिकमध्ये सुरुवात करायला जागा उघड आहेत. आडगावचं डॉ. वसंतराव पवार मेडिकल कॉलेज, इगतपुरी तालुक्यात घोटीजवळचं एसएमबीटी, त्र्यंबक रोडचं सिव्हिल हॉस्पिटल. म्हसरूळला मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली राज्यभरचे एमडीचे विद्यार्थी थिसिस करतात, आणि आपल्याकडचे लेझरचे कितीतरी छोटे अभ्यास असे थिसिसच असतात. थिसिसचा अभ्यास कमअस्सल नसतो, पण तो छोटा असतो आणि विद्यार्थ्याची तीन वर्षं संपली की विद्यार्थी निघून जातो. म्हणून मार्गदर्शक प्राध्यापकांचं नाव आणि विभागाचा फोन सुरुवातीलाच लिहून घ्या.

पडताळणीसाठी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया, म्हणजे सीटीआरआय. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, ती २००७ मध्ये सुरू केली. १ एप्रिल २०१८ पासून तिथे फक्त आगाऊ नोंदणी होते, म्हणजे पहिला सहभागी घेण्याच्या आधी. संकेतस्थळ सगळ्यांना खुलं आहे. "ट्रायल सर्च"मध्ये आजाराचं नाव इंग्रजीत टाका (वांगासाठी मेलाझ्मा, कोडासाठी व्हिटिलिगो, खड्ड्यांसाठी ॲक्ने स्कार), सोबत लेझर हा शब्द. नोंद उघडली की पुढच्या चौकटी बघा :

- नोंदणी क्रमांक. तो सीटीआरआय, वर्ष, महिना आणि पुढे अनुक्रमांक असा असतो. संमतीपत्रावरचा क्रमांक आणि हा, अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे.
- नोंदणीची तारीख आणि पहिला सहभागी घेतल्याची तारीख. नोंदणी आधीची हवी.
- अभ्यासाची ठिकाणं. ज्या दवाखान्यात तुम्हाला बोलावलंय, तो या यादीत आहे का?
- नैतिक समितीचं नाव आणि मंजुरीची स्थिती.
- पोस्ट ग्रॅज्युएट थिसिस : हो की नाही.
- इंटरव्हेन्शन आणि कंपॅरेटर. म्हणजे कुणाला काय मिळणार.
- प्रायमरी आउटकम, म्हणजे मुख्य निकाल, आणि तो किती आठवड्यांनी मोजणार.
- भरतीची स्थिती. "पूर्ण" असं असेल आणि तरी तुम्हाला बोलावत असतील, तर कारण विचारा.

इंग्रजी जड जात असेल तर कॉलेजला जाणाऱ्या पुतण्या-भाचीला शेजारी बसवा. अर्ध्या तासाचं काम आहे.

मशीन बाजारात आधीपासून आहे की नवीन, हेही बघा. बहुतेक ट्रायलमध्ये मान्यता असलेलं मशीन असतं आणि तुलना क्रीमशी किंवा दुसऱ्या लेझरशी असते. मशीनच नवं असेल, तर २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी लागते. ती एमडी-२३ या नमुन्यात मिळते. "परवानगीची प्रत दाखवाल का?" असं विचारण्यात काहीही गैर नाही.

पायरी ३ : कॅलेंडर मांडा, मगच फोन करा

इथे नाशिकचे लोक सर्वांत जास्त फसतात.

समजा फ्रॅक्शनल लेझरच्या चार सिटिंग आहेत, दर चार आठवड्यांनी एक, आणि निकाल शेवटच्या सिटिंगनंतर १२ आठवड्यांनी मोजणार. पहिली सिटिंग नोव्हेंबरच्या मध्यावर धरली, तर चौथी फेब्रुवारीच्या सुरुवातीला येते आणि मोजणी एप्रिलच्या अखेरीस. म्हणजे सिटिंग थंडीत छान होतात, पण ताजी त्वचा नेमकी द्राक्षकाढणीच्या उन्हात सापडते. निफाड, दिंडोरीकडे ज्यांचा दिवस बागेत जातो, त्यांना हे वेळापत्रक काळे डाग हमखास देणारं आहे. जूनच्या मध्यावर सुरू केलं, तर चौथी सिटिंग सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आणि मोजणी डिसेंबरच्या सुरुवातीला. मधे ऑक्टोबरची छाटणी आणि ऑक्टोबर हीट येते, तरी एप्रिलपेक्षा परवडलं.

संशोधक तुमच्यासाठी सिटिंगमधलं अंतर बदलणार नाहीत, तो आराखड्याचा भाग आहे. नाव कधी घालायचं, हे मात्र तुमच्या हातात असतं. भरती किती महिने चालू राहणार, एवढं विचारा आणि थांबा.

एक्सायमरचं गणित वेगळं. सिटिंग आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, सलग दिवशी नाही, आणि ते महिनोन्‌महिने. सिडको-सातपूरच्या माणसाला ते जमेल. कळवण-सुरगाण्याहून एसटीने येणाऱ्याने आठवड्यातले दोन दिवस मोडणं किती महिने झेपेल, हे घरी बसून ठरवावं. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी देण्याची तरतूद अभ्यासात असू शकते, नैतिक समिती ती मंजूर करते. तिकिटं जपून ठेवा.

लग्नसराई, रंगपंचमी, वारी, परीक्षा हे सगळं त्याच कॅलेंडरवर लिहा. हळद लागलेल्या चेहऱ्याचा फोटो ट्रायलला उपयोगाचा नसतो. रंगपंचमीला जुन्या नाशिकच्या रहाडीत उडी मारायचीच असेल, तर आदल्या पंधरवड्यात सीओटूची सिटिंग नको. सोललेल्या त्वचेत रंगाचं पाणी गेलं, की जंतुसंसर्ग होतो किंवा डाग राहतात.

पायरी ४ : संमतीपत्र घरी न्या

माहितीपत्रक आणि संमतीपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत, म्हणजे मराठीत मिळायला हवं. ते घरी नेऊन वाचायला वेळ मागा. "आत्ताच सही करा, मशीन रिकामं आहे" हे कारण होऊ शकत नाही. वाचता येत नसेल, तर संशोधकांशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर वाचून दाखवतात आणि मग अंगठा घेतात. १८ वर्षांखालच्यांसाठी आईवडिलांची सही लागते, शिवाय ७ वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकारही. सही झालेली एक प्रत तुमची. ती न घेता उठू नका.

वाचताना या ओळी शोधा. पहिली, गट चिठ्ठीने ठरणार का. तसं असेल, तर तुम्हाला लेझर मिळेलच असं नाही, नुसतं क्रीमही मिळू शकतं. अशा वेळी अभ्यास संपल्यावर क्रीमवाल्यांना लेझर देणार का, हे विचारा आणि उत्तर कागदावर आहे का ते बघा. दुसरी, ट्रायलबाहेर कोणते पर्याय आहेत. वांगाला साध्या क्रीमने आणि सनस्क्रीनने भागत असेल, तर तसं तिथे लिहिलेलं असायला हवं. तिसरी, इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई. चौथी, कोणत्याही टप्प्यावर, कारण न सांगता बाहेर पडता येतं आणि त्याने नेहमीच्या उपचारांवर परिणाम होत नाही. पाचवी, संशोधकाचा आणि नैतिक समितीचा फोन नंबर. दोन्ही लगेच मोबाइलमध्ये सेव्ह करा.

फॉर्मवर शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचं नाव विचारलेलं असतं. नॉमिनी वाचून माणसं दचकतात आणि उठून जातात. हा नमुना औषधांच्या मोठ्या ट्रायलसाठी सरकारने ठरवून दिलेला आहे आणि भरपाईची वेळ आली तर म्हणून त्यात ही माहिती घेतात. लेझरमध्ये जिवाला धोका आहे असा त्याचा अर्थ नाही.

फोटोंची संमती वेगळी मागा. अभ्यासाच्या फाइलमध्ये फोटो राहणं एक, आणि नियतकालिकात किंवा परिषदेत पडद्यावर दिसणं दुसरं. डोळ्यांवर काळी पट्टी मारली म्हणजे गावातली माणसं ओळखत नाहीत असं मुळीच नाही. दुसऱ्याला नाही म्हणूनही पहिल्याला हो म्हणता येतं.

नैतिक समितीबद्दल थोडक्यात : किमान सात सदस्य, त्यांत निम्मे संस्थेबाहेरचे, एक कायदा जाणणारा आणि एक सामान्य नागरिक. म्हणजे तक्रार थेट तिकडे केली, तरी ती डॉक्टरांच्या खोलीतच फिरत राहत नाही.

पायरी ५ : निवडीच्या दिवशी खरं सांगा

पात्र ठरावं म्हणून माहिती दडवणं हा या क्षेत्रातला सर्वांत महाग पडणारा शहाणपणा. नेमकं काय सांगायचं :

चेहऱ्याला लावलेली क्रीम. मेडिकलमधून आणलेली "गोरं करणारी" मिश्र क्रीम बहुधा स्टेरॉइडची असते. ती महिनोन्‌महिने लावलेला चेहरा पातळ, लालसर आणि हळवा होतो आणि अशा त्वचेवर लेझर अंदाजाबाहेर वागतं. नाव आठवत नसेल तर ट्यूबच घेऊन जा. बहुतेक आराखड्यांत लावायची औषधं काही आठवडे बंद ठेवायला सांगतात. त्या काळात त्रास वाढलेला दिसतो, तो सोसावा लागतो.

पोटातली औषधं. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेतलं असेल तर शेवटची गोळी कधी घेतली, ते सांगा. पूर्वी सहा महिने थांबण्याचा सरसकट नियम होता. आता काही लेझरसाठी तो सैल झाला आहे, तरी आराखड्यात असेल तर पाळायचाच. डॉक्सिसायक्लिनसारख्या गोळ्यांनी त्वचा उन्हाला हळवी होते. सांधेदुखीसाठी सुवर्णक्षारांची इंजेक्शनं घेतली असतील, तर क्यू-स्विच्ड लेझरने त्वचा निळी-करडी पडू शकते आणि तो रंग सहजी जात नाही. सुवर्णभस्म असलेली औषधं घेतली असतील, तर तीही सांगा.

बाकी : छातीवर, खांद्यावर किंवा कान टोचल्याच्या जागी फुगलेला व्रण उठण्याची सवय, गरोदरपण, मधुमेह, ओठाशी वारंवार उठणारे तापाचे फोड. शेवटच्या बाबतीत चेहऱ्यावर सीओटू करण्याआधी विषाणूविरोधी गोळ्या सुरू करतात. न सांगितल्यास ते फोड सोललेल्या चेहऱ्यावर पसरू शकतात.

त्यानंतर मोजमाप होतं. वांगासाठी मासी नावाची गुणपद्धत असते : कपाळ आणि दोन्ही गाल प्रत्येकी ३० टक्के, हनुवटी १० टक्के. प्रत्येक भागात डाग किती पसरलाय (० ते ६), किती गडद आहे (० ते ४) आणि किती सलग आहे (० ते ४), असं करून जास्तीत जास्त ४८ गुण. सुरुवातीचा आकडा विचारून लिहून ठेवा. पुढे "बराच फरक पडला" या वाक्याचा अर्थ त्यावरच लागतो.

काही ठिकाणी आधी टेस्ट पॅच करतात, कानामागे किंवा जबड्याच्या कडेला. दोन दिवसांत काही झालं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. फोड लगेच दिसतो, पण आपल्या त्वचेतला काळा डाग उमटायला दोन ते चार आठवडे जातात.

पायरी ६ : अर्धा चेहरा, अर्धा चेहरा

लेझरच्या ट्रायलमध्ये स्प्लिट-फेस ही मांडणी फार आवडीची. एका गालावर लेझर, दुसऱ्यावर तुलनेचा उपचार. माणूस तोच, ऊन तेच, हार्मोन्स तेच, म्हणून थोड्या लोकांतही तुलना स्वच्छ होते. कोणती बाजू कशासाठी, हे चिठ्ठी ठरवते. "मला डावीकडे जास्त आहे, तिकडे करा" हे चालत नाही.

ही मांडणी बिघडते ती घरी. लेझरच्या गालाला जास्त काळजीने सनस्क्रीन लावलं जातं, किंवा लेझरची बाजू उजळ दिसायला लागली की उरलेल्या बाजूला गुपचूप जुनं क्रीम चोळलं जातं. दोन्हींनी निकाल खोटा होतो, आणि तो खोटा निकाल पुढे तुमच्यासारख्याच रंगाच्या माणसांवर वापरला जातो. दोन्ही बाजूंना एकच निगा. चार महिने आरशात दोन वेगळे गाल दिसणं झेपणार नसेल, तर अशा ट्रायलला सरळ नाही म्हणा.

गुण देणारा डॉक्टर बहुधा वेगळा असतो आणि कोणत्या बाजूला काय केलं हे त्याला मुद्दाम सांगितलेलं नसतं. बोलता बोलता "लेझर इकडे झालं होतं ना" असं त्याच्यापुढे निसटू देऊ नका.

पायरी ७ : सिटिंगचा दिवस

चेहरा धुऊन, मेकअप आणि काजळाशिवाय जा. मेकअपमधले चमकदार कण किरण शोषून तापतात आणि तिथे भाजतं. फोटोसाठी अंगठ्या, टिकली, कानातलं काढायला लावतात. प्रकाश, अंतर आणि कोन दर वेळी तेच ठेवतात, त्यात घाई करू देऊ नका. अंधाऱ्या पहिल्या फोटोमुळे शेवटचा फोटो उगाच उजळ भासतो.

सीओटूसारख्या लेझरआधी भूल देणारं क्रीम लावतात. नेहमीचं म्हणजे लिग्नोकेन २.५ टक्के आणि प्रिलोकेन २.५ टक्के, वर प्लास्टिक, ४५ ते ६० मिनिटं. ते घरून स्वतः थापून जाऊ नका. मोठ्या भागावर जाड थर बराच वेळ राहिला, तर औषध रक्तात जातं आणि ओठ-नखं निळी पडण्यापर्यंत प्रकार जाऊ शकतो. क्रीम पुसल्यावर स्पिरिट वापरलं, तर ते पूर्ण सुकू द्यायचं. ओल्या स्पिरिटवर लेझर म्हणजे आगीला आमंत्रण.

मग चष्मा. खोलीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर तो हवा, सोबत आलेल्या नातेवाइकासकट. कर्मचाऱ्यांच्या चष्म्याच्या काचेवर किंवा काडीवर बारीक अक्षरात तरंगलांबीचा पट्टा आणि ओडी नावाचा आकडा छापलेला असतो. ओडी ५ म्हणजे लाखातला एक भाग प्रकाश आत येतो. मशीनवर १०६४ आणि काचेवर त्या पट्ट्यात १०६४ नसेल, तर तो चष्मा बिनकामाचा, रंग कितीही गडद असो. सीओटूला चालणारा पारदर्शक चष्मा एनडी-यागला शून्य उपयोगाचा असतो, आणि दोन्ही मशीन एकाच खोलीत असली की अदलाबदल इथेच होते. तुमच्या डोळ्यांवर पूर्ण अपारदर्शक कवच ठेवतात. पापणीवर काम असेल, तर थेंब टाकून डोळ्याच्या आत धातूचं कवच बसवतात.

पहिला पल्स बसला की तो कसा वाटला ते बोला. रबर बँड चटकन लागल्यासारखं वाटणं अपेक्षित. जागा करडी-पांढरी पडणं किंवा दुखणं वाढत जाणं अपेक्षित नाही. अपवाद गोंदणाचा, तिथे शाईवर थोडा वेळ पांढरं उमटतंच.

निघताना त्या दिवसाचे आकडे लिहून मागा : मशीन, नॅनोमीटर, स्पॉट किती मिलिमीटरचा, फ्लुअन्स किती ज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर, किती पास (त्याच जागेवरून लेझर किती वेळा फिरवलं). फ्रॅक्शनल असेल तर एनर्जी आणि डेन्सिटी (ठिपके किती दाट). सावळ्या त्वचेत काळे डाग पडण्याचा संबंध एनर्जीपेक्षा डेन्सिटीशी जास्त असतो, म्हणून तो आकडा विसरू नका. काही ट्रायलमध्ये गट गुप्त असल्याने आकडे लगेच देता येत नाहीत. मग अभ्यास संपल्यावर द्यायचं कबूल करून घ्या.

पायरी ८ : घरी

सीओटूनंतर दोन-तीन दिवस लाली आणि सूज, मग तपकिरी खपल्या, त्या पाच ते सात दिवसांत आपोआप पडतात. नखाने काढल्या की डाग. साधं पेट्रोलियम जेली पातळ लावा, कोरफड-हळद-लिंबू-बेसन काही नको. पंधरा दिवस बागेत फवारणीला जाऊ नका. गंधक किंवा बोर्डोचा तुषार उघड्या त्वचेवर झोंबतो आणि दाह वाढवतो. थ्रेडिंग, ब्लीच, फेशियल शेवटच्या मोजणीपर्यंत बंद.

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा वर, चेहऱ्याला आणि मानेला दोन बोटांवर उभी रेघ भरेल एवढं, बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी. वांग असेल तर रंग असलेलं, आयर्न ऑक्साइडवालं घ्या. नुसत्या दिसणाऱ्या प्रकाशानेही वांग गडद होतो आणि पांढरं सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही. स्कूटरवरचा स्कार्फ मदत करतो, पण झिरझिरीत ओढणीवर विसंबू नका. सनस्क्रीन ट्रायलमधूनच देत असतील, तर तेच लावा. आणि दुसऱ्या डॉक्टरकडून, वैद्याकडून किंवा शेजारणीकडून काही घेतलंच, तर ते पुढच्या भेटीत सांगा.

पायरी ९ : बिघडलं तर

मोठे फोड, दुसऱ्या दिवसानंतर वाढणारी वेदना, पू, ताप, झुपक्याने उठलेले बारीक फोड : त्याच दिवशी संशोधकाला फोन. दिवसाच्या उजेडात, तारखेसह फोटो काढून ठेवा. लेझरच्या झळीनंतर डोळ्यांपुढे काळा ठिपका किंवा अंधुकपणा आला, तर सकाळची वाट न बघता नेत्रतज्ज्ञ. वांगावर कमी शक्तीचं लेझर वारंवार मारल्यावर तांदळाच्या कणीएवढे पांढरे ठिपके दिसू लागले, तर पुढची सिटिंग थांबवायला सांगा. ते रंगद्रव्यपेशी दुखावल्याचं लक्षण आहे आणि पुढे लेझर चालू ठेवलं तर ते वाढतं.

तीन आठवड्यांनी उमटलेला काळा डाग बहुतेकदा काही महिन्यांत फिका होतो. तो घाईने दुसऱ्या लेझरने काढायला जाऊ नका.

रुग्णालयात भरती व्हावं लागलं किंवा कायमची इजा झाली, तर तो गंभीर प्रसंग धरतात आणि संशोधकाने २४ तासांत तो नैतिक समितीला कळवायचा असतो. छोट्या भाजण्यालाही मोफत उपचाराचा हक्क आहेच. संशोधकाकडून उत्तर येत नसेल, तर नैतिक समितीला लेखी अर्ज करा, सोबत संमतीपत्राची प्रत, फोटो आणि सिटिंगचे आकडे जोडा. पोच घ्यायला विसरू नका.

पायरी १० : शेवटची भेट

बरं वाटलं म्हणून आणि काहीच फरक नाही म्हणून, दोन्ही कारणांनी माणसं शेवटची भेट चुकवतात. नुसती बरी झालेली आली, तर उपचार आहे त्याहून भारी दिसतो. रुसलेली तेवढी आली, तर उलटं. खड्ड्यांच्या बाबतीत तर तुमचंही नुकसान होतं, कारण नवं कोलाजेन तयार व्हायला तीन ते सहा महिने लागतात आणि खरा फरक याच भेटीत मोजला जातो. मधेच सोडायचं ठरवलं असेल तरी सुरक्षिततेसाठी एकदा तपासून घ्या.

त्या भेटीत चार गोष्टी मागा : तुमचा गट, सुरुवातीचे आणि शेवटचे गुण, सगळ्या सिटिंगच्या आकड्यांचा कागद, आणि सगळ्यांचा मिळून निकाल कधी व कुठे कळेल ते. आकड्यांचा तो कागद घरच्या फाइलमध्ये ठेवा. पुढे कुठेही लेझर करायला गेलात, तरी सुरुवात किती शक्तीवर करायची हे त्यावरून ठरवता येतं.